टोळी गेल्यावर

वेल्डरने गुंडांच्या टोळीला गावातून दुसऱ्यांदा पिटाळून लावलं. पहिल्या वेळी लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं होतं. या वेळी त्याने टोळीच्या म्होरक्याला भर बाजारात लोळवलं आणि तो पुन्हा उठलाच नाही. तेव्हापासून वेल्डरच्या दुकानाकडे चिटपाखरूही फिरकलं नव्हतं.

निदान चार शब्द बोलता येतील म्हणून तो सकाळी आपल्या बालमित्राकडे, न्हाव्याकडे गेला. त्याला पाहताच बाकावरची माणसं अदबीने उठली आणि एकेक करून सटकली. न्हाव्याने साबणाचा फेस लावला, वस्तरा उचलला.

"अरे, हात का थरथरतोय तुझा? आता घाबरायचं कुणाला?"

न्हाव्याने मान खाली घातली.

"त्या म्होरक्याची दाढी करतानाही असाच थरथरायचा, साहेब."