पायाखालची वस्तू

त्र्याऐंशीच्या श्रावणापासून परशरामच्या डाव्या हाताची बोटं थरथरायला लागली. त्याच्या बापाचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी त्याला चहाची बशीसुद्धा धरवेना. ऑर्केस्ट्रातली गिटार सुटेल या धास्तीनं परशरामनं गोव्याहून पायानं दाबायचं पेडल आणलं. ते दाबलं की सूरच थरथरायचा आणि त्यात बोटांची थरथर झाकून जायची. आतला सेल संपला, की मात्र गिटार साधी वाजायची.

खंडेनवमीला आईनं गिटार पूजेत मांडली, पण पेडल बाजूला सारलं. "पायाखालची वस्तू देवाम्होरं चालत न्हाय रं."

दसऱ्याला पिरनवाडीत कार्यक्रम झाला. दर गाण्याला परशरामनं जीव मुठीत धरून पेडल दाबलं. सूर असा थरथरला, की गाणारे अण्णा खाली उतरल्यावर म्हणाले, "आज तुझं पेडल लई भारी चाललं बघ."

परशरामचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन तो सोनं द्यायला आईपुढं वाकला.



आईनं कुंकू लागलेला चौकोनी सेल त्याच्या हातावर ठेवला. "पेडल देवाम्होरं चालत नव्हतं, म्हणून त्यातला सेल तेवढा काल पूजेत ठेवलाता. घाल आता परत."