दोन काटे जास्तीचे

“दहा! बाबा, ओळीत दहा काटे!” ती फोनवर किंचाळलीच. शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या हातातला चहा हिंदकळला.

सूक्ष्मदर्शकाखाली माशाच्या आतड्यातून काढलेला, काटेरी डोक्याचा जंत होता. ना तोंड, ना पोट. सोंडेवरचे काटे आतड्यात रुतवायचे आणि फुकटचं जेवण अंगानेच शोषायचं! या मंडळींची जात काटे मोजून ठरते. बाबांनी उमेदीच्या काळात याच माशातल्या जंताची जात नोंदवली होती, ओळीत आठ काट्यांची. हिच्या जंतांना दहा. म्हणजे नवी जात! मासळीबाजारात तीन वर्षं आतडी गोळा करत फिरल्याचं चीज झालं. जातीला नावही बाबांचंच द्यायचं होतं.

“जंत थंड पाण्यात ठेवले होतेस ना आधी?” बाबांचा ठरलेला प्रश्न. पाण्यात जंत फुगतो, सोंड पूर्ण बाहेर येते. थेट अल्कोहोलमध्ये टाकला की ती आत ओढून घेतो. हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

“हो हो, चांगले चार तास!”

“मग माझ्या जंताच्या काचपट्टीशी ताडून बघ. त्याशिवाय लेख पाठवायचा नाही.”

फोन कानाला तसाच धरून तिने कपाटातून बाबांची जुनी काचपट्टी काढली. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून काटे मोजले. आठच. तिने भिंग जरासं खाली घेतलं. कातडीच्या आत, अंधुकसा, नववा काटा दिसला. त्याच्याखाली दहावा.

बाबांच्या जंताची सोंड पुरती बाहेर आलीच नव्हती. जंत तोच, जात तीच. तीन वर्षं पाण्यात! डोळे भरून आले, आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांनी, भाजी निवडायला दोन तास लावणाऱ्या तिच्या बाबांनी, चक्क घाई केली होती!

“पकडलं, बाबा! तुम्ही थेट अल्कोहोलमध्ये टाकलात!” रडता रडता तिला हसू फुटलं.

पलीकडून बाबा म्हणाले, “काचपट्टीच्या चिठ्ठीवरची तारीख वाच.”

तिने बोटाने धूळ पुसली. तारीख तिच्या वाढदिवसाची होती. साल तिच्या जन्माचं.

“दवाखान्यातून निरोप आला, मुलगी झाली,” बाबा म्हणाले. “मग कोण थांबतंय चार तास!”