पडवीतलं मुरबाड

"आमची बोअर तुमीच आटवलीत साहेब, आन आता माजा मानूसबी तुमीच गिळलात!"

रविना फोनवर एवढ्या जोरात ओरडली की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. पलीकडे बोगद्याच्या ऑफिसातला साहेब होता. तो शांत होता. पगारी माणूस शांतच बोलतो. सोमवारपासून सांगत होता तेच त्याने पुन्हा सांगितलं. बोगद्यात दरड पडली हे खरं, पण सगळी माणसं बाहेर आली. तुमचा नवरा सुनिल त्या पाळीला आलाच नव्हता, काम सोडून गेला असेल कुठेतरी. आणि बोगदा तुमच्या घराखालून जातच नाही, तेव्हा बोअरचंही आमच्यावर ढकलू नका.

"आज दुपारी पडलेला भाग काँक्रीटने भरून टाकतोय," तो म्हणाला. "तिकडे गर्दी करू नका."

फोन बंद.

"आबा, ऐकलंत?" रविना सासऱ्याकडे, नथूकडे वळली. "भरून टाकनार म्हनं!"

नथूने मान खाली घातली. त्याला साहेबाचं पटत नव्हतं आणि सुनेचंही पुरतं पटत नव्हतं. रविवारी बापलेकाचं वाजलं होतं. "पोटाला नाय आन खेळाया आगगाडी! बंद कर ती खडखड, नायतर उचलून उकिरड्यावर टाकीन," असं नथूच बोलला होता. सोमवारी पहाटे पोरगा न बोलता, न खाता गेला.

"रागावून शहापूरला आत्याकडं गेला आसंल," नथू म्हणाला. "येईल गो."

"आत्याला फोन केला मी. नाय तिकडं."

"मंग दुसरीकडं गेला आसंल."

रविना वळली. तोंडाला पदर लावून चुलीकडे गेली.

भांडणाचं मूळ पडवीत पसरलं होतं. प्लायवूडच्या फळीवर सुनिलची खेळण्यातली रेल्वे. कल्याणच्या भंगारातून आणलेली दोन इंजिनं, डबे, पुठ्ठ्याचा घाट आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत स्टेशनचं नाव: मुरबाड. वरच्या टोकावडे गावापासून खालपर्यंत सगळी वस्ती ती पाटी बघून हसायची. मुरबाडला रेल्वे येणार, येणार, असं ऐकत माणसं म्हातारी झाली. सुनिल म्हणायचा, "सरकार आनील तवा आनील. मी घरात आनली."

फळीला एक पाय कमी पडला होता. पडवी वाढवली तेव्हा बोअर घरात आली होती. ती आटल्यावर जमिनीत खोल गेलेला तिचा लोखंडी पाइप नुसता उभा होता. सुनिलने फळीचा कोपरा त्याच पाइपाला पत्र्याच्या पट्टीने आवळून टाकला. "आटलेल्या बोअरचा येवडा तरी उपेग," तो म्हणाला. कामावरून आला की त्याच पाइपावर पान्याने वाजवायचा. दोन टोले, थांबून एक. म्हणजे, मी आलो, चहा टाक. नवऱ्याला तोंड आहे की नाही, म्हणून रविना कुरकुरायची आणि चहा टाकायची.

आज नथू त्या गाडीसमोर येऊन बसला. पोरगा येईल तेव्हा खडखड बंद झालेली असली पाहिजे. माफी मागायची त्याला सवय नव्हती, यंत्र दुरुस्त करायची होती. भाताच्या गिरणीत त्याचं आयुष्य गेलं होतं. गिरणीने कान अर्धे खाल्ले, पण एक गोष्ट शिकवली. यंत्र बोंबलतं ते उगाच नाही. एकेक कारण काढत जायचं, शेवटी उरेल तो चोर.

त्याने बटण दाबलं. इंजिन दाणे भरडल्यासारखं ओरडत निघालं.

"आबा, नका ना!" आतून रविना किंचाळली. "डोकं फुटतंय माजं!"

"तेच बंद करतोय गो!"

त्याने इंजिन उलटं केलं. आसाला लांब केस गुंडाळला होता, रविनाचा असणार. चिमट्याने काढला. दात्यांना शिलाई मशीनचं तेल दिलं, एकच थेंब. चाकांवरचा काळा मळ फडक्याने पुसला. आवाज अर्धा झाला. मग फळीच ढोलासारखी घुमते असं वाटलं, म्हणून जुन्या चपलांचे तुकडे कापून रुळाखाली सारले.

इंजिन आता मांजरासारखं फिरू लागलं. नथूला पहिल्यांदा ते आवडलं. पाटीखालून गाडी गेली तेव्हा तो गालात हसलासुद्धा.

तरी काहीतरी राहिलंच होतं. कानाला नाही, बोटाला कळत होतं. गिरणीवाला यंत्र बोटाने ऐकतो. पाइपाकडच्या कोपऱ्यात रूळ मध्येच ठोका देत होता. सांधा सैल असेल. त्याने सांधा आवळला. ठोका तसाच. डबे काढले. ठोका तसाच. इंजिन उचलून मांडीवर घेतलं.

तसाच.

नथूने प्लग उपटला. रुळावर गाडी नाही, वायरीत वीज नाही. त्याने बोट पुन्हा ठेवलं. रूळ ठोका देतच होता.

मागे भांडं वाजलं. रविना दारात उभी होती. हातात चहाचा कप, वाफाळलेला. सोमवारपासून कोरडा पडलेला तिचा चेहरा हसत होता. ती पडवीभर बघत होती, दारामागे, खाटेकडे, अंगणात.

"कुटं हायेत?" ती म्हणाली. "आत्ता वाजवलं ना त्यांनी?"

नथू पाइपाकडे बघत राहिला. रविनाने त्याची नजर कुठे आहे ते पाहिलं, आणि कप तिच्या हातातून सुटला.

नथूने बोगद्याच्या ऑफिसात फोन लावला. साहेब म्हणाला, काँक्रीटचा मिक्सर सुरू झालाय, आता बोलायला वेळ नाही, आत कोणी नाही म्हणून हजारदा सांगितलं.

नथूने फोन पाइपाला टेकवून धरला. दोन टोले. थांबून एक.

"आत कोनी नाय ना साहेब? मंग माज्या सुनेकडं चहा कोन मागतोय?"