निळ्या बोक्याचा फोटो

१९७१ सालच्या एका शुक्रवारी संपादकांनी त्याला शेवटचं सांगितलं. "उद्या बोक्याचा फोटो आला नाही, तर सोमवारी तूही येऊ नकोस."

समोर वर्तमानपत्राचा छायाचित्रकार उभा होता. वय तेवीस, खिशात चार पेनं, चष्म्याच्या काचा पेल्याच्या बुडाएवढ्या जाड. त्याला सगळे चष्मिशच म्हणत.

"साहेब, तो कधी कुठे उगवेल हे कुणाला ठाऊक?"

"अरे, अख्खं शहर त्याला बघतं! तुझाच कॅमेरा तेवढा आंधळा?"

निळा बोका हे नाव लोकांनीच ठेवलेलं. निळा पोशाख, निळा बुरखा. तीन मजले एका उडीत चढायचा आणि अडकलेल्यांना खाली आणायचा. मागच्या वर्षी त्याने चोरट्या मालाच्या एका बड्या व्यापाऱ्याची गठडी वळून पोलिसांच्या दारात टाकली होती. तो व्यापारी जामिनावर सुटला होता आणि ज्याला त्याला सांगत होता, "एकदा तोंड दिसू दे त्याचं. मग बघतो."

ते तोंड चष्मिशचं होतं.

उडीचं त्याला काही कौतुक नव्हतं. कुणाला उचकी लागते, तशी त्याला उडी लागायची. कुणी संकटात दिसलं की पाय थांबत नसत. जीव होता तो फोटोंत. शाळेत असल्यापासून त्याला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. त्याने काढलेले सभांचे, सामन्यांचे फोटो झकास येत. बोक्याचा मात्र एकही येईना.

रोल धुणं मावशींकडे. मावशी म्हणजे कार्यालयातल्या अंधाऱ्या खोलीच्या मालकीणबाईच. दारावर लाल दिवा लागला की संपादकांनीही आत पाऊल टाकायचं नाही. बोक्यासाठी चष्मिश दरवेळी नवा रोल घालायचा, आणि दरवेळी मावशी बाहेर येऊन फिल्मची एक काळीठिक्कर पट्टी त्याच्या नाकासमोर नाचवायच्या.

"पुन्हा उजेड शिरला. दोन डोळे देवाने दिले, दोन दुकानदाराने. चारांतला एकही कामाचा नाही रे तुझ्या!"

"मावशी, कॅमेरा दोनदा दुरुस्तीला दिला. दुरुस्तीवाला म्हणतो, काही झालेलं नाही."

"मग हातच फुटके असतील. आणि बोका सापडला तर आपले साहेब काय करणार? सख्ख्या भावाचं भांडणही पहिल्या पानावर छापणारा माणूस तो. जा, चहा घे."

शनिवारी दुपारी नदीच्या पुलाचा कठडा तोडून एक बस अर्धी बाहेर लटकली. चष्मिशने भिंतीआड कपडे बदलले आणि उडी घेतली. अकरा माणसं निघाली. बाराव्या बाई शिवणयंत्राला मिठी मारून बसल्या होत्या.

"आधी मशीन घ्या!"

"अहो बाई, आधी तुम्ही!"

"मला काय करता घेऊन? पोट मशीनवर आहे!"

शेवटी त्याने दोघांना एकदमच उचललं. बाई वर पोचल्यावरही बडबडत होत्या की मशीनची सुई वाकली.

लोक बसकडे बघत होते तोवर तो भिंतीआड गेला. कॅमेरा कठड्यावर ठेवला. बुरखा काढला, कारण चष्म्यावर तो बसायचा नाही, आणि चष्म्याशिवाय त्याला भिंग जुळवता यायचं नाही. मागे लटकलेली बस नीट चौकटीत घेतली. टायमरची कळ दाबली. आता दहा सेकंद. चष्मा काढून खिशात, खुणेच्या दगडापर्यंत धाव, बुरखा डोक्यावर, हात कमरेवर. गोंगाटात कॅमेऱ्याचा आवाज ऐकू येत नसे, म्हणून तो मनात आकडे मोजायचा. दहा झाले. वर आणखी पाच मोजले. ह्या वेळी चूक नको होती.

कार्यालयात तो लाल दिव्याखाली पाऊण तास उभा राहिला. संपादक घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. पहिल्या पानावर चार स्तंभांची जागा मोकळी होती.

दार उघडलं. मावशींच्या हातात काळी पट्टी होती.

"मावशी, नीट बघा ना. एखादा कोपरा तरी..."

"तीस वर्षं हेच करतेय मी. काळा म्हणजे काळा." त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. "साहेब, ह्या मुलाला फोटोतलं काही कळत नाही. दुसरं काम बघू दे त्याला."

संपादकांनी मोकळ्या जागेत पंपाची जाहिरात टाकली.

संपादक पुढे निवृत्त झाले, आणि बोक्याचा फोटो राहिला हे दुःख भेटेल त्याला ऐकवत राहिले. व्यापारी शहरातल्या प्रत्येक उंच तरुणावर संशय घेत म्हातारा झाला आणि अंथरुणात मेला. बोका आणखी अकरा वर्षं उड्या मारत होता. मग गुडघा गेला. चष्मिशने नोकरी गेली त्याच आठवड्यात कॅमेरा विकला होता आणि पुढे एका शाळेत भूगोल शिकवला. लग्न झालं, दोन मुली झाल्या. घरच्या समारंभात कुणी कॅमेरा पुढे केला की तो हात मागे घ्यायचा. "मला नका देऊ. माझ्या हाताला फोटो येत नाहीत."

मावशी १९९८ साली गेल्या. महिन्याभराने त्यांची भाची चष्मिशचा पत्ता शोधत आली आणि दोरीने बांधलेला एक पत्र्याचा डबा देऊन गेली. आत तेवीस फोटो होते, सगळे लख्ख, सगळे पहिल्या पानाच्या लायकीचे, आणि प्रत्येकात निळा बोका, बुरखा अजून हातातच धरून, कॅमेऱ्याकडे डोळे बारीक करून बघत होता.