एकेक मणका

"काकू, मान सोडा. श्वास सोडत एकेक मणका खाली येऊ द्या," पिलाटेस शिकवणारी जुई समोर उभी राहून हळुवार म्हणाली.

कुमुदताईंनी डोळे मिटले. ऐन विशीत कबड्डीच्या मैदानावर कंबर दुखावली, तेव्हापासून त्या धड वाकल्याच नव्हत्या. खाली पडलेला चमचासुद्धा सून उचलायची. इथे यायला लागल्यापासून मात्र चपलेचा पट्टा त्या स्वतः लावत होत्या. पोट, पाठ, श्वास, सगळ्यांनी इतक्या वर्षांचा अबोला सोडला होता.

आज मान झुकली, खांदे ओघळले, मग पाठ पाण्यासारखी उतरत गेली. पायाखालची चटई कधी तांबड्या मातीची झाली, कळलंच नाही. फक्कीची पांढरी रेघ समोर आली. दूर कुठेतरी शिट्टी वाजली. बोटं जमिनीला टेकली आणि मैदानात उतरताना लागायची तशीच, आपसूक, कपाळाला लागली.

जुई गडबडून मागे सरली. "अहो काकू, माझ्या काय पाया पडताय!"

"तुझ्या नाही गं," डोळे न उघडता कुमुदताई म्हणाल्या. "बाजूला हो. चढाईला निघालेय मी."