टॉवर पडले तेव्हा

मेणबत्त्यांचं मेण केकवर गळायला लागलं, तरी हरिचंद्रची गोष्ट संपेना. करिष्माच्या, म्हणजे लेकीच्या, दर वाढदिवसाला तो हेच सांगायचा. यंदा ऐकायला नवा जावई अल्पेश होता, त्यामुळे आणखीच चेव चढला होता.

"अमेरिकेतले ते दोन टॉवर पडले ना, तेव्हा मी नाक्यावर टीव्हीच्या दुकानासमोर उभा होतो. ही गर्दी! माझ्या पुढे लाल शर्टवाला होता, तो पण आठवतो. दुकानाचं शटर पडेपर्यंत जागचा हललो नाय."

"पण पप्पा, तुम्ही नाक्यावर गेला होतात कशाला?" अल्पेशने सहज विचारलं.

हरिचंद्रने डोकं खाजवलं. "असंल कायतरी काम. आता कुठलं आठवतंय?"

इतकी वर्षं गप्प बसलेल्या त्याच्या बायकोच्या, चिमीच्या, तळपायाची आग मस्तकाला गेली.

"रिक्षा आणायला धाडलं होतं मी! पोटात कळा येत होत्या. सगळी आळी टीव्हीसमोर, माझ्या हाका ऐकणार कोण? हिची नाळ मी एकटीने विळीवर कापलीय."

तिने एका फुंकरीत मेणबत्त्या विझवल्या आणि सुरी लेकीच्या हातात कोंबली.

"काप आता केक."