तंबूमागची चाल

“थांबा,” बद्रीनाथ सर म्हणाले, आणि पहिले कडवे संपवून पुन्हा ढोलकीवर पडू पाहणारा रूपाचा हात हवेतच राहिला.

जयंतीच्या मोठ्या मंचावर गाण्यासाठी एक संच निवडायचा होता. मुकुंदवाडीच्या समाजमंदिरात त्याचीच चाचणी चालली होती. यंदा समितीने एक नियम घातला होता: चाल स्वतःची हवी. परीक्षणाचे काम तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या बद्रीनाथ सरांकडे होते, आणि नियमात सूट देणे हा त्यांचा स्वभाव नव्हता.

“रूपाताई, तुमची चाल उसनी आहे. जुन्या चित्रपटातली.”

“नाय सर. माझ्या आईची चाल हाय ही. पाळण्यात ऐकलीय मी.”

रूपाने शेजारी बसलेल्या आईकडे, सरूबाईकडे पाहिले. सरूबाई पदर सारखा करत राहिली. तिचे हे गाणे गल्लीत, हळदीत, मोर्च्यात म्हटले गेले होते. मोठ्या मंचावर ते एकदाही गेले नव्हते. आज तर या समाजमंदिराच्या पायऱ्या चढतानाही तिला संचातल्या दोघींचा आधार लागला होता. पुढच्या वर्षाचा भरवसा रूपा धरत नव्हती.

सरांनी मोबाईल माइकजवळ नेला. व्हायोलिनचा ताफा वाजू लागला आणि कुणी नायिका बागेत रुसलेल्या प्रियकराची मनधरणी करू लागली. बोल निराळे होते, चाल तीच. खुर्च्यांमध्ये हशा पिकला.

आधीच्या संचाचा सत्यम मंचाच्या कडेला उभा होता. तो वाकून रूपाच्या कानाशी म्हणाला, “मावशी, निदान दोन सूर तरी फिरवायचे! आम्ही पाच गाण्यांतून उचललं. लागला का कुणाला पत्ता?”

तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या चालीचे तुकडे असे बेमालूम जोडलेले होते की तिला कोणत्याही एका गाण्याचे नाव देता आले नसते. ती चाल नियमात बसली होती. पण ऐकणाऱ्या माणसांपैकी कुणीही ती गुणगुणत नव्हते.

 रूपा मोबाईलमधले गाणे शेवटपर्यंत ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या कपाळावर आठ्या चढल्या.

“एवढी घाई कशाला करती ही बाई? पहिली अर्धी ओळ बरी म्हणती. मग थांबायचं सोडून खाली घसरून जाती. पार बिघडवलंय की गाणं!”

“ताई, मूळ तेच आहे,” सर म्हणाले. पुन्हा हशा.

“आई, आता तूच बोल.”

सरूबाईने पदर सोडला. “सर खरं बोलत्यात. आमच्या सोयगावच्या जत्रंत तंबूतला सिनेमा यायचा. तिकीट कोण काढून देणार? आमी पोरी मागच्या अंगाला कनातीला टेकून बसायचो. बोल काय उमगायचे नाय. बोल आतच राहायचे, चाल तेवढी बाहीर यायची. मग बोल मी माझे घातले.”

“आन् शेवट?” रूपाने विचारले.

“शेवट कुठून ऐकू येणार, बाई? वीज करायचं इंजिन आमच्या बाजूलाच व्हतं, लई धडधडायचं. ओळ वर चढंस्तोवर कानावर यायची; खाली उतरली की इंजिनात बुडाली. मग शेवट मीच केला. खाली गेलं की बुडतंय, म्हणून मी वरच राह्यले.”

 सरांनी मोबाईल कानाशी धरून तेवढा भाग पुन्हा ऐकला, डोळे मिटून आणखी एकदा ऐकला.

“बरोबर आहे. अर्धी ओळ तीच. शेवट वेगळा आहे.” त्यांनी मोबाईल खाली ठेवला. “तरीही अर्धी चाल उसनी ती उसनीच. ही मी म्हणू देऊ शकत नाही.”

रूपाने ढोलकीची दोरी ओढून घट्ट केली.

“सर, जेवढं उसनं हाय तेवढं आमी म्हणत नाय. आईचं हाय तेवढंच म्हणतो. चालंल?”

सरांनी नियमाचा कागद पाहिला. “नियमात बसते. पण मग गाणे उरणार नाही.”

“ते आमचं आमी बघतो.”

तिने मागे वळून बायकांना काहीतरी सांगितले आणि ठेका धरला. अर्धी ओळ नुसती ढोलकी वाजली. एकीनेही तोंड उघडले नाही. मग सरूबाईचा आवाज उठला, चिरका पण न डगमगणारा, आणि बाकीच्या त्याला येऊन मिळाल्या: “शाळेला गं, शाळेला...” वरच्या सुरावर तो थांबला आणि थांबूनच राहिला. पुन्हा कोरी ढोलकी. मागे कुणीतरी फिस्सकन हसले. त्याला शेजारच्याने गप्प केले.

तिसऱ्या ओळीला एका म्हाताऱ्याने ती रिकामी जागा गुणगुणून भरली. चौथ्या ओळीला खुर्च्यांमधल्या बायकांनी भरली. पुढे कोण भरत होते ते सांगता येईना; सत्यमच्या संचातल्या पोराची बोटेसुद्धा कीबोर्डवर उतरली होती. अर्धी ओळ सभागृह उचलून धरी, मग एकदम शांत होई, आणि मंचावरून शेवट येई.

बद्रीनाथ सरांनी थांबवण्यासाठी हात वर केला आणि मंचाकडे पाहिले. उसनी चाल ऐन भरात घुमत होती. ढोलकीमागे बसलेल्या एकूण एक बाईचे ओठ मिटलेले होते.